हळवी मुले आणि आपण

"मुलगा असून रडतोस?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघर विचारला जातो. विचारणाऱ्याला तो साधाच वाटतो. पण ज्या मुलाला शाळेत रोज कोणीतरी हिणवते, त्याला त्यातून एकच कळते, की आता घरीही सांगायची सोय उरली नाही.

मुदखेडला शाळेत असताना माझे नाव 'रडूबाई' पडले होते. कोणी दप्तर लपवी, कोणी डबा पालथा करी. माझे डोळे भरून आले की सगळे टोळके टाळ्या पिटायचे. मार विसरता येतो, त्या टाळ्या विसरता येत नाहीत. माय म्हणायची, "लेकरा, मनाला लावून घेऊ नको." पण ते हळव्या मुलाच्या हातात थोडेच असते?

मला सावरले ते मामांनी. त्यांचा काकड्याचा मळा होता. कळ्या पहाटेच तोडाव्या लागत. तोडता तोडता एकदा मी त्यांना सगळे सांगून टाकले. त्यांनी मध्ये तोंड घातले नाही, उपदेशही केला नाही. दोन दिवसांनी ते वर्गशिक्षकांना एकांतात भेटले. गुरुजींनी माझी बसायची जागा बदलली, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवले. त्रास एका दिवसात थांबला नाही, पण मी एकटा राहिलो नाही.

थट्टा आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 नंतर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला आणि ज्याला तो होतो त्याला सहज प्रतिकार करता येत नाही असा त्रास म्हणजे छळ, असे त्यांनी सांगितले. म्हणूनच "तूही दोन ठेवून दे" हा सल्ला फुकाचा ठरतो. ते जमले असते तर छळ झालाच नसता.

हळवेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यांना 'रडके' म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याच माणसाने मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. दुसऱ्याचे दुःख आपले वाटल्याशिवाय हे घडत नाही. मात्र याच गुरुजींनी जून 1950 मध्ये स्वतःचे जीवन संपवले, हेही विसरू नये. हळव्या मनाचे नुसते कौतुक पुरत नाही, त्याला सोबत लागते.

तेव्हा आईवडिलांनो, मूल शाळेला जायला टाळू लागले, पोट दुखते म्हणू लागले, वह्या फाटून येऊ लागल्या, तर रागावण्याआधी शेजारी बसा. ते बोलेल तेव्हा पूर्ण ऐका. शिक्षकांना भेटा, पण मुलाला चारचौघांत उभे करू नका. मुलांनो, एका तरी मोठ्या माणसाला सांगा. तो ऐकत नसेल तर दुसऱ्याला सांगा. सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.

आणि वर्गात कोणाला हिणवताना टाळ्या वाजू लागल्या, तर आपले हात खाली ठेवा. एवढ्यानेही त्या मुलाला बळ येते.