दोन दिवसांत अंबेजोगाई
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पण गेल्या पौषात आम्ही अकरा जणी दोन दिवस अंबेजोगाईस राहून आलो, तेव्हा तेथे काय पाहिले ते सर्वांना सांगा, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला. म्हणून उभी राहिले आहे.

अंबेजोगाईचे नाव काढताच कोणी म्हणेल, त्यात काय सांगायचे? आम्ही दहा वेळा गेलो आहोत. खरे आहे. आपण सगळ्याच गेलो आहोत. पण कशा? पहाटे उठायचे, घरच्यांचा डबा करून ठेवायचा, गाडीत बसायचे, रांगेत उभे राहायचे, देवीची ओटी भरायची आणि दिवेलागणीच्या आत घरी येऊन पुन्हा कणीक मळायची. याला नवस फेडणे म्हणतात, गाव पाहणे नव्हे.

पुण्याची माझी भाची सांगत होती, तिच्या कचेरीतल्या मुली सुटी काढून लंडन-पॅरिसला जातात आणि दोन दिवसांत काय काय पाहायचे याची यादी आधी करतात. सर्वजणी हसल्या. मला मात्र ते पटले. वेळ थोडा असला म्हणजे यादी हवीच. तशी ही आपली यादी समजा.

बीडहून मांजरसुंबा, केज या वाटेने एस.टी.ने जावे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे खर्चाचे निमित्त आता निम्मे उरले. पहिल्या दिवशी अर्थातच आधी योगेश्वरी. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवी. एवढ्या लांबून ते लोक येतात. देवीची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि देवी येथेच कुमारिका राहिली. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मुहूर्त टळला म्हणून तिचे काही अडले का? सगळा मुलूख तिच्या पाया पडतो." मार्गशीर्षात पौर्णिमेपर्यंत देवीचे नवरात्र असते, तेव्हा फार गर्दी. निवांत पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

तेथून हत्तीखान्याला जावे. ही खडकात खोदलेली लेणी आहेत. मधे मोकळे अंगण, त्यात नंदीचा मंडप आणि दगडाचे मोठमोठे हत्ती. जोगाईचे वऱ्हाड येथे दगड झाले, असे लोक सांगतात. वेरूळ पाहिलेल्यांना हे लहान वाटेल. पण वेरूळला माणसांची रीघ असते, आणि येथे आम्ही अकरा जणी खांबांच्या सावलीत बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आता मला जे सर्वांत जास्त सांगायचे आहे ते सांगते. देवगिरीच्या यादवांचा सिंघण राजा होता, त्याचा सेनापती खोलेश्वर. अंबेजोगाईत त्याच्या नावाचे देऊळ आहे. या खोलेश्वराचा मुलगा राम गुजराथेतल्या लढाईत पडला. त्याची आठवण राहावी म्हणून देऊळ कोणी बांधले? त्याच्या बहिणीने. तिचे नाव लक्ष्मी. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या शिलालेखात ही हकीकत कोरलेली आहे. आपण भाऊबीजेला ओवाळतो, राखी बांधतो. त्या बाईने भावासाठी दगडात देऊळ उभे केले आणि तिचे नाव पावणेआठशे वर्षांनंतरही राहिले आहे. मी एवढ्या वेळा त्या गावी गेले, पण लक्ष्मीचे नाव मला कोणी सांगितले नव्हते. तिथल्या एका शाळेच्या गुरुजींनी सांगितले तेव्हा आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांना पाणी आले. तिचा भाऊ मागच्या साली गेला. ती त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती आणि आम्हीही घाई केली नाही. एका दिवसाच्या गाडीत हे जमले नसते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला असता.

संध्याकाळी दासोपंतांचे स्थान पाहावे. इ. स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी जाड्याभरड्या कापडावर, म्हणजे पासोडीवर, ओव्या लिहिल्या. ती पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद. चाळीस फूट म्हणजे आपली जवळजवळ दीड नऊवारी लुगडी, असा हिशेब आमच्यात लगेच झाला.

मुक्कामासाठी देवस्थानच्या भक्तनिवासात आधी विचारून ठेवावे. रात्री आम्ही कितीतरी वेळ गप्पा मारीत होतो. दुसऱ्याने वाढलेले जेवण जेवून झोपण्याचे सुख काय असते, ते येथे बसलेल्यांना निराळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत मुकुंदराजांच्या समाधीला जावे. गावाबाहेर दरी आहे, झाडी आहे. 'विवेकसिंधु' त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये लिहिला असे मानतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे तिच्या आधी शंभर वर्षे मराठीत ग्रंथ झाला. विदर्भातले लोक मुकुंदराज आपल्या आंभोऱ्याचे म्हणून सांगतात. तो वाद विद्वानांनी पाहावा. दरीत उतरताना पाय जपून टाकावा, एवढे मात्र मी सांगते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

तेथून परळी पंचवीस किलोमीटर. वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. बहिणीने बांधलेले देऊळ आदल्या दिवशी पाहिलेले, आणि आज राणीने सावरलेले. श्रावणी सोमवार सोडून केव्हाही जावे. परत येताना सिरसाळा, तेलगाव, वडवणी या वाटेने बीड गाठता येते.

आता घरचे. मला माहीत आहे, पुष्कळ जणींची अडचण तिकिटाची नाही. "दोन दिवस घर कोण पाहील?" ही आहे. आमच्या घरीही सासूबाई आधी म्हणाल्या, देवाला जायचे तर सकाळी जा आणि संध्याकाळी या, मुक्काम कशाला? मी भांडले नाही. त्यांनाच बरोबर चला म्हटले. त्या आल्या, आणि हत्तीखान्यात सगळ्यांत जास्त वेळ त्याच बसल्या! इकडे यजमानांनी आणि मुलाने पिठले केले. ते खारट झाले होते असे शेजारून कळले, पण दोघेही जेवले. भांडी मात्र माझी वाट पाहात होती. तेवढी सुधारणा पुढच्या सहलीपर्यंत व्हायची आहे.

ज्यांना दोन दिवस खरेच जमत नाहीत, लेकरू पाजते आहे किंवा घरात आजारी माणूस आहे, त्यांनी मन खट्टू करू नये. आपल्या बीडातच तळ्याच्या पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ आहे, आणि गावाबाहेर खजाना बावडी. बाहेरचे लोक ती बावडी मुद्दाम पाहायला येतात. एक दुपार त्याला पुरे.

माघ महिन्यात पुन्हा जायचे घाटते आहे. या वेळी वीस जणी झाल्या तर बरे. दर महिन्याला थोडे थोडे पैसे कोषाध्यक्षबाईंकडे ठेवावेत, म्हणजे त्या वेळी कोणाकडे मागावे लागणार नाहीत. नावे संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत द्यावीत. सासूबाईंचेही नाव सोबत लिहावे.