दुखणारे कोपर आणि नसांची रसायने
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



२००४ साली सचिन तेंडुलकरचे कोपर दुखू लागले आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घरोघरी पोहोचला. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, त्याच डिसेंबरात दिल्लीला श्रीलंकेविरुद्ध ३५ वे कसोटी शतक ठोकून त्याने गावसकरांचा विक्रम मोडला. मार्च २०२१ मध्ये तर आपल्या नवा रायपूरच्या स्टेडियमवर तो माजी खेळाडूंच्या संघाचा कर्णधार म्हणून उतरला होता. पण या दुखण्याचे बहुतेक रुग्ण टेनिस किंवा क्रिकेट खेळणारे नसतातच. ते पोळ्या लाटतात, पुरणयंत्र फिरवतात, पेचकस किंवा माउस धरतात. घट्ट पकडताना मनगट सावरणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या चिवट दोराने बांधलेला असतो, ती कंडरा म्हणजेच टेंडन दुखते.

आपण म्हणतो, “सूज आली आहे, गोळी घ्या.” पण जुनाट दुखण्यातला कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सुजेच्या पेशी फारशा दिसत नाहीत, विस्कटलेले तंतू आणि नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. मग दुखते कशाने?

स्वीडनमधील उमेओ येथील शल्यविशारद हॉकन आल्फ्रेडसन यांनी केसासारखी बारीक नळी दुखऱ्या कंडरेत घालून तेथला द्रव तपासला. १९९९ साली टाचेवरच्या कंडरेत आणि २००० साली टेनिस एल्बोत तोच प्रकार आढळला: सुजेचे रसायन वाढलेले नव्हते, वाढले होते ग्लुटामेट. मज्जातंतू म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो, तिचा हा निरोप्या. (चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोतही ग्लुटामेट असते, पण ते खाऊन कोपर दुखत नाही, घाबरू नका!) शिवाय तेथल्या बारीक नसांमध्ये ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेचा निरोप नेणारे रसायनही सापडले. यातला ‘पी’ म्हणजे ‘पेन’ नव्हे, पावडर. १९३१ साली ते भुकटीच्या रूपात हाती लागले होते. पुढे उमेओच्याच प्रयोगशाळेत दिसले की कंडरेच्या पेशी स्वतःही अशी रसायने तयार करतात, आणि सबस्टन्स पी या पेशींची वाढ भडकवते.

सूज अजिबात नसते असे आज कोणी म्हणत नाही; सुरुवातीच्या काळात तिचा वाटा असावा. पण केवळ सूज मारून हे दुखणे जात नाही, हे पक्के. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचेच पाहा. ब्रिस्बेनमध्ये १६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के बरे होते, औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के! दुखणे उलटले ते अनुक्रमे ५४ आणि १२ टक्क्यांत. पहिल्या महिन्यातल्या आरामाची ही किंमत फार मोठी आहे, असे मला वाटते. सणाच्या तोंडावर “एक सुई टोचून द्या” म्हणणाऱ्या वहिनींना मी हेच आकडे सांगतो.

मग उपाय काय? हळूहळू भार देणे. आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेसाठी दिवसातून दोनदा, १२ आठवडे करायचा व्यायाम मांडला. कोपरासाठी हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर ठेवावे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून दुसऱ्या हाताने मनगट वर न्यावे आणि सावकाश खाली सोडावे. थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर भार कमी करावा. गंमत म्हणजे २००३ साली व्यायामाने आराम पडलेल्यांची कंडरा पुन्हा तपासली, तर ग्लुटामेट उतरलेले नव्हते. म्हणजे एका रसायनाला पकडून शिक्षा देण्याइतके हे प्रकरण सोपे नाही, आणि त्यासाठीची गोळीही अजून बाजारात नाही.

मात्र बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल किंवा वस्तू हातातून गळत असतील, तर बाटली बाजूला ठेवा आणि आधी मान तपासून घ्या. ते दुखणे बहुधा वेगळे असते.