पोलीस विचारतो, ‘गाडीत जरा बघू का?’

एमएसला चाललेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आलाय: अमेरिकेत पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं? मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हा कायदेशीर सल्ला नाही. पण मुळातले नियम समजायला फार अवघड नाहीत.

पहिली गोष्ट, ‘अमेरिकन पोलीस’ असं एक खातं नाहीच. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस म्हटलं की एक दल, वर महासंचालक, त्यांच्यावर गृहखातं. तिथे शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा (तो बहुतेक ठिकाणी चक्क निवडून येतो), हायवेवर राज्याचे पोलीस वेगळे. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचेही स्वतःचे पोलीस असतात. कॅम्पसवरच्या त्या माणसाला वॉचमनकाका समजू नका. त्याच्या कमरेला पिस्तूल असतं आणि तो अटक करू शकतो. अशी सगळी मिळून सुमारे १८,००० खाती आहेत आणि एफबीआय त्यांचा बॉस नाही.

या सगळ्यांना बांधणारी एक गोष्ट म्हणजे राज्यघटना. १७९१ सालची चौथी दुरुस्ती सांगते की सरकारने अवाजवी झडती घ्यायची नाही आणि अवाजवी अटक करायची नाही. आता ‘अवाजवी’ म्हणजे काय? ते कोर्ट ठरवत आलंय, एकेका खटल्यातून.

ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पोलीस तुमच्याशी नुसतं बोलत असेल, तर तुम्ही निघून जाऊ शकता. १९६८ च्या टेरी खटल्यानंतर, सांगता येईल असा ठोस संशय असेल तर तो तुम्हाला थोडा वेळ अडवू शकतो. आणि अटकेसाठी त्याहून भक्कम कारण लागतं. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कळत नसेल, तर सरळ विचारायचं: ‘ऑफिसर, मी जाऊ शकतो का?’

आता गाडी. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि कागद घेऊन साहेबांकडे जातो. तिथे हे अजिबात करू नका. गाडीतच बसा, हात स्टीअरिंगवर दिसू द्या, खिशात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायच्या आधी सांगा. समोरच्याकडे बंदूक असू शकते हे धरूनच तो तुमच्याकडे येत असतो. त्याने उतरायला सांगितलं तर मात्र उतरायचं. तो अधिकार त्याला १९७७ पासून आहे.

आणि मग येतो तो गोड प्रश्न. ‘गाडीत जरा बघितलं तर चालेल ना?’

आपल्या कानाला हा हुकूम वाटतो. पोलिसाने विचारलं म्हणजे सांगितलंच, अशी आपली सवय. पण तिथे तो खरंच प्रश्न असतो. तुम्ही ‘शुअर सर’ म्हणालात की संमती दिलीत, आणि चौथ्या दुरुस्तीचं संरक्षण तिथेच सोडलंत. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की संमती स्वखुशीची हवी, पण ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे पोलिसाने सांगितलंच पाहिजे असं नाही. मला हा सगळ्यात मोठा सापळा वाटतो. शांतपणे म्हणायचं, ‘सॉरी ऑफिसर, मी झडतीला परवानगी देत नाही.’ तरी त्याने झडती घेतली तर हात आडवा घालायचा नाही. तो वाद नंतर कोर्टात. रस्त्यावर कधीच नाही.

फोनचंही तसंच. २०१४ च्या रायली खटल्यात कोर्टाने एकमताने सांगितलं की अटक केली तरी फोन उघडून बघायला साधारणपणे वॉरंट लागतं. पण इन्शुरन्स दाखवायला तुम्हीच अनलॉक करून फोन हातात दिलात, तर पुढे काय बघायची परवानगी दिली होती यावरून भांडण होऊ शकतं. कागदाची प्रिंट ठेवा, स्वस्त पडेल. आणि विमानतळावर इमिग्रेशनला हा नियम असाच्या असा चालत नाही. सीमेवर अधिकाऱ्यांचे अधिकार बरेच जास्त आहेत.

‘यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट’ सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ आहे. १९६६ च्या मिरांडा खटल्यातून आलेलं. पण बेड्या घातल्या की लगेच हे ऐकवलंच पाहिजे असं नाही. ताब्यात घेऊन चौकशी करायची असेल तरच ते लागू होतं. गंमत म्हणजे २०१० मध्ये कोर्ट म्हणालं की नुसतं गप्प बसून भागत नाही. मला गप्प राहायचंय हे बोलून सांगावं लागतं! भारतात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिथे मिरांडा ऐकून तुम्ही बोललात, तर ते चालतं.

म्हणजे बघा, यातले बहुतेक हक्क त्या क्षणी एक वाक्य बोलता येण्यावर उभे आहेत. तेही इंग्लिशमध्ये.

२०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात ५७ वर्षांचे एक गुजराती आजोबा मुलाच्या घराजवळ फिरायला निघाले होते. नातवाला सांभाळायला नुकतेच आलेले. कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक अनोळखी माणूस फिरतोय. आजोबांना इंग्लिश येत नव्हतं. काही वेळात एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. गाडीच्या कॅमेऱ्यात हे सगळं रेकॉर्ड झालं होतं. तरी फौजदारी खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही, आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. बळाचा वापर योग्य होता का, हे १९८९ पासून ‘त्या जागी समंजस पोलिसाला काय वाटलं असतं’ यावरून ठरतं. दिवाणी दाव्यातही अशा वेळी पोलिसाला एक कायदेशीर कवच मिळू शकतं; या केसमध्ये वरच्या कोर्टाने ते नाकारलं, पण तोवर २०२० उजाडलं होतं.

पुढे तुमचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतील. त्यांना मॉर्निंग वॉकशिवाय चैन पडणार नाही. पहिल्या सकाळी त्यांच्यासोबत जा, शेजाऱ्यांना भेटवा. घरचा पत्ता, तुमचा नंबर आणि ‘मला इंग्लिश येत नाही’ असं इंग्लिशमध्ये लिहिलेलं कार्ड करा. पोलीस दिसला तर ते काढायला पटकन खिशात हात घालायचा नाही, हेही सांगा. म्हणून कार्ड खिशात नको, गळ्यात अडकवा. बाबा कुरकुर करतील, शाळेतल्या पोरासारखं वाटतं म्हणून. तरी अडकवा.