पिल्सनर : एका एलवाल्याची कबुली

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्यात माझी एक कबुली आहे.

मी पक्का एलवाला. पुण्यात ब्रूपबमध्ये बसलो की आयपीए, नाहीतर स्टाउट. आमच्या टीममधला एक मित्र कायम लागर मागवायचा आणि मी दरवेळी ऐकवायचो, "अरे, त्यापेक्षा पाणी माग ना!" सगळे हसायचे. हळूहळू तो शुक्रवारी यायचाच बंद झाला. मला वाटलं, काम वाढलं असेल.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी प्रागला गेलो. शनिवार मोकळा होता, म्हणून ट्रेनने पिल्झेन गाठलं. पिल्सनर हे नाव याच गावावरून पडलंय. पिल्सनर उर्केलच्या थंडगार तळघरात ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर थेट ग्लासात देतात.

पहिला घोट घेतला. काहीच नाही! आयपीएमध्ये कसं, संत्रं, आंबा एकदम अंगावर येतात. इथे कुणीच आलं नाही. दुसऱ्या घोटाला ताज्या पावाची चव लागली. मग हॉप्सचा हिरवट, गवतासारखा वास. आणि गिळल्यावर स्वच्छ कडवटपणा, जो पुढचा घोट घ्यायला लावतो.

असं का होतं? एलचं यीस्ट उबेत काम करतं आणि फळांसारखे वास तयार करतं. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश चालतं. वर बिअर आठवडेच्या आठवडे थंड जागी मुरवतात. त्यामुळे माल्ट, हॉप्स आणि पाणी, एवढंच समोर राहतं. आपल्या साध्या वरणासारखं. मसाला नाही, म्हणजे डाळ कच्ची राहिली की लगेच पकडले जाता.

आता खरी गंमत. १८३८ मध्ये याच गावात लोकांनी ३६ पिंपं खराब बिअर टाउन हॉलसमोर ओतून दिली. ती बिअर एलच्याच जातीची होती! मग बव्हेरियातून योझेफ ग्रोल आला आणि त्याने १८४२ मध्ये पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. त्यासाठी माल्ट वाळवायची पद्धत होती इंग्लंडची, म्हणजे पेल एलवाल्यांची. मी ज्याला पाणी म्हणत होतो, त्याचा रंगच माझ्या लाडक्या एलच्या घरून आलेला.

परत आल्यावर मित्राला फोन केला, सॉरी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "बिअरचं ठीक आहे रे. पण तू दरवेळी सगळ्यांसमोर बोलायचास."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या शुक्रवारी तो आला, आणि ऑर्डर त्याने दिली. दोन पिल्सनर.

तुम्हीही करून बघा. पिल्सनर आयपीएच्या आधी घ्या, नंतर जिभेला काही कळत नाही. आणि निकाल पहिल्या घोटावर देऊ नका, अर्ध्या ग्लासापर्यंत थांबा. वयात बसत असाल तरच हं, आणि घरी जाताना कॅब.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!