पोरं सांभाळायचा भाव
(शिवडीच्या एका वस्तीतल्या सभेत केलेलं भाषण)

दोस्तांनो, आणि मागं दारात उभ्या आयाबहिणींनो,

मी गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो. शिक्षण मॅट्रिक. अर्थशास्त्र कुणी शिकवलं नाही. जे कळलं ते गल्लीतल्या मावशीच्या खोलीत. आय चार घरची धुणीभांडी करायची आणि मला त्या दहा बाय दहात टाकून जायची. पोरं आम्ही सहा. मावशी एक.

हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते घ्या. आईला महिन्याला 9,000 मिळतात. भाडं, रेशन, औषध जाऊन मावशीला ती 1,000 च्या वर काय देणार? सहा पोरांचे झाले 6,000. त्यातनं दूध, साबण, खोलीभाडं, लाईटबिल काढा. मावशीला उरतं ते आईपेक्षाही कमी. तिनं भाव वाढवला तर आईला कामावर जाणं परवडत नाही. नाही वाढवला तर मावशीची चूल विझते. दोघी गरीब, आणि एकीचं पोट दुसरीच्या पगारात अडकलेलं.

गोदीत कंटेनर आला, क्रेन आली, टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या. पोरांना क्रेन लागत नाही. एका कडेवर एकच पोर बसतं. दुसरं रडलं की पहिलं खाली ठेवावं लागतं. मग पैसा वाचवायचा तर वाट एकच, करणारणीला कमी द्या. वर म्हणायचं, हे मायेचं काम! डॉक्टरलाही दया असते, तो फी सोडतो काय? खरी गोष्ट अशी की हे गू-मूत काढायचं काम आहे. अशा कामाला ह्या देशात काय भाव लावतात, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

मालकानं द्यावं, हे कायद्यालाही ठाऊक होतं. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात पाळणाघराचं कलम होतं. पण मोजायच्या नुसत्या बायका, पुढं आकडा ठरला 30 च्या वर. मालकानं हजेरी 29 वर रोखली की पाळणा गुल. बापाला जणू पोरच नसतं! 2017 मध्ये प्रसूती लाभ कायद्यात 50 माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर लावलं. धुणीभांडीवालीची आस्थापना कुठली? चार घरं, चार मालकिणी.

राहिलं सरकार. 2 ऑक्टोबर 1975 पासून त्याची अंगणवाडी आहे. पोरांचं वजन, खाऊ, शिकवणं, रजिस्टर, आता मोबाईलवर माहिती भरणं, सगळं सेविका-मदतनिसांच्या डोक्यावर. आणि पगार नाही, मानधन! अरे, मानधन भाषणवाल्याला देतात. मी अर्धा तास बोलून घरी जाणार. (नारळ नको, चहा चालेल.) ती रोज येते. 2018 मध्ये केंद्रानं मदतनिसाचा आकडा वाढवला, तो झाला महिना 2,250. तीसनं भागा, दिवसाला 75 रुपये. राज्य वर भर घालतं, पण पायाच हा. एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रॅच्युइटीच्या कायद्यात हे मानधन म्हणजे वेतनच. मग बाकीच्या हक्कांना ते वेतन का नाही?

डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 ह्या बाया महाराष्ट्रभर संपावर होत्या. आपल्यातले किती गेले त्यांच्यात बसायला? मी नाही गेलो. ओव्हरटाईम होता.

आणि अंगणवाडी काही तासांत मिटते. आई येते अंधार पडल्यावर. मधला वेळ अजून मावशीकडंच. ती बघा, तिथं मागं बसलीय. मांडीवर पोर झोपलंय, त्याची आय अजून कामावरनं यायचीय.