तीन अधिक एक : माझदा काबुराची आसनव्यवस्था

स्पोर्ट्स कूपेची सगळी मापे तिच्या उंचीवरून ठरतात. गाडी बुटकी असली की वारा कमी अडतो आणि वळणावर ती कमी कलते. पण गाडी बुटकी ठेवायची तर आत बसणाऱ्यालाही खाली बसवावे लागते. उंच गाडीत माणूस गुडघे वाकवून, पाय खाली सोडून बसतो. बुटक्या गाडीत त्याची बैठक पावलांच्या पातळीजवळ येते, पाय पुढे पसरतात आणि एकेका माणसाला गाडीच्या लांबीतला जास्त वाटा लागतो. पुढचे दोघे असे पाय पसरून बसले की मागे उरते ती चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर छत मागे उतरत आलेले असते. या पट्टीत दोन छोट्या सीट बसवून कंपन्या गाडीला ‘टू प्लस टू’ म्हणतात. पोर्शे 911 हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्या सीटवर लहान मुले बसतात किंवा पिशव्या ठेवल्या जातात. मोठा माणूस फार वेळ बसू शकत नाही.

या अडचणीला माझदाने 2003 मध्ये बाजारात आलेल्या आरएक्स-8 मधून एक उत्तर दिले होते. तिला चार दारे होती. मागची दोन दारे आखूड आणि उलट्या दिशेने, म्हणजे मागच्या बिजागरीवर उघडणारी. पुढच्या व मागच्या दारांमधला खांब काढून टाकला होता आणि त्याचे काम करणारी मजबुती मागच्या दारातच बसवली होती. चार मोठी माणसे तिच्यात खरोखरच बसत. मात्र त्यासाठी पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर 2,700 मिलिमीटरपर्यंत वाढवावे लागले. जागा मिळाली, पण गाडीही मोठी झाली.

जानेवारी 2006 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात माझदाने मांडलेली काबुरा ही संकल्पनात्मक कूपे याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने गेली. कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील डिझाइन विभागाचे प्रमुख तेव्हा फ्रांझ फॉन होल्झहाउझेन होते. हेच पुढे टेस्लात गेले आणि मॉडेल एस त्यांच्या हातून घडली. काबुराचा पाया एमएक्स-5 या दोन आसनी उघड्या गाडीचा होता: इंजिन पुढे, दोन लिटरचे, ताकद मागच्या चाकांना. एमएक्स-5 मध्ये चाकांमधले अंतर 2,330 मिलिमीटर, तर काबुरात ते 2,550. एकूण लांबी मात्र 4,050 मिलिमीटरच होती. म्हणजे दोन माणसांच्या मूळ गाडीपेक्षा फारशी जास्त नाही. एवढ्या लांबीत तिसरा माणूस आरामात बसवायचा आणि गरज पडली तर चौथाही, हे या गाडीचे ध्येय होते.

ते साधले ते सममिती सोडून. प्रचलित गाडीत पुढच्या दोन्ही सीट एका ओळीत असतात, कारण दोघांसमोर सारखाच डॅशबोर्ड असतो. चालकासमोर स्टीअरिंग, पेडल आणि मीटर लागतातच, त्यामुळे तो पुढे सरकू शकत नाही. शेजारच्या माणसासमोर यातले काहीच नसते, तरीही प्रथेप्रमाणे त्याच्यापुढे तेवढाच जाड डॅशबोर्ड आणि सामानाचा कप्पा असतो. काबुरात हा भाग काढून टाकला आणि शेजारची सीट चालकाच्या सीटपेक्षा 6 इंच, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटर, पुढे नेली. ती सगळी लांबी तिच्या मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळाली. बसमध्ये समोरची सीट गुडघ्याला टेकते तेव्हा 15 सेंटिमीटर किती मोठे असतात, हे उंच माणसाला सांगावे लागत नाही. चालकाच्या मागे मात्र अशी जागा निघत नाही. तिथे एक छोटी, अधूनमधून वापरायची सीट दिली होती. तीन पक्क्या आणि एक जादा, अशी ही मांडणी. एकट्याने किंवा दोघांनी फिरताना मागचा भाग सामानाला, तिसरा आला तर त्याला नीट जागा, आणि चौथ्याची सोय फक्त जवळच्या अंतरापुरती. बहुतेक कूपे चार सीट दाखवतात आणि दोघांनाच सुख देतात. त्यांच्यापेक्षा हा हिशेब कितीतरी प्रामाणिक आहे.

या कल्पनेची किंमत डॅशबोर्डाच्या आत मोजावी लागते. तिथे एअर कंडिशनरची पेटी, पंखा, वायरिंग आणि प्रवाशाची एअरबॅग असते. माणूस पुढे न्यायचा तर हे सगळे दुसरीकडे हलवावे किंवा लहान करावे लागते. प्रदर्शनातल्या एकुलत्या एक गाडीत हे टाळता येते, कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत टाळता येत नाही.

सममिती सोडण्याचा तोच नियम दारांनाही लागू झाला. चालकाच्या बाजूला एकच लांब दार आणि दुसऱ्या बाजूला दोन. त्यातले मागचे छोटे दार बाहेर न उघडता मागे सरकून गाडीच्या अंगात शिरत असे, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेतही तिसऱ्याला आत शिरता येई. अशा विषम दारांचा एक नाजूक मुद्दा असतो: जादा दार नेहमी फुटपाथच्या बाजूला हवे. 2007 च्या मिनी क्लबमनमध्ये ते कायम उजवीकडे होते. ब्रिटनमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे तिथे मागची मुले थेट वाहतुकीत उतरू लागली आणि टीका झाली. भारतातही तेच झाले असते. दार दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे करायचे तर गाडीचा सांगाडा दोन प्रकारे बनवावा लागतो, आणि तो खर्च छोटा नसतो.

काबुराच्या आतील आच्छादनासाठी पुन्हा वापरात आणलेले चामडे घेतले होते आणि छताच्या काचेत सौरघट होते. या गोष्टी त्या काळी प्रदर्शनातल्या बऱ्याच गाड्यांत दिसत. त्या चांगल्या होत्या, पण काबुराचे खरे कर्तृत्व त्यांत नाही.

काबुराचे उत्पादन झाले नाही. तिच्यातल्या आसनांच्या आणि दारांच्या दोन्ही कल्पना मात्र पुढच्या पाच वर्षांत इतर कंपन्यांच्या गाड्यांतून रस्त्यावर आल्या. ह्युंदाईची वेलोस्टर 2011 मध्ये आली तेव्हा चालकाकडे एक दार आणि प्रवाशाकडे दोन दारे होती. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या कडेत लपवल्यामुळे दुरून ती दोन दारांची कूपेच वाटे. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या देशांसाठी ह्युंदाईने दारांची बाजू बदलली आणि क्लबमनची चूक टाळली.

आसनांची कल्पना टोयोटाच्या आयक्यूमध्ये 2008 मध्ये दिसली. ही स्पोर्ट्स कूपे नव्हे. 2,985 मिलिमीटर लांबीची शहरी गाडी. पण इथे डॅशबोर्डाचा प्रश्न अभियंत्यांनी मुळापासून सोडवला. एअर कंडिशनरची पेटी लहान केली, सामानाच्या कप्प्याऐवजी काढता येणारी मऊ पिशवी दिली, सीटच्या पाठी पातळ केल्या आणि इंधनाची टाकी चपटी करून जमिनीखाली बसवली. चाकांकडे ताकद वाटणारा डिफरेन्शियल इंजिनाच्या पुढे नेल्याने पुढची चाकेही पुढे सरकली. प्रवासी पुढे गेला आणि त्याच्या मागे मोठा माणूस बसू लागला; चालकाच्या मागे उरली ती मुलाची किंवा पिशवीची जागा. चारही सीट वापरात असल्या की डिकीत 32 लिटर सामान मावते. मागच्या पाठी आडव्या केल्या की 238.