पाटीवरचं नाव



आत्ता माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली. ती खरीच आहे, घर त्यावरच चालतं. पण रविवारी मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये असते. तिथे प्लाझ्मा कटरवर लोखंडी पत्र्यातून नावाच्या पाट्या आणि नक्षीच्या जाळ्या कापते. आज त्याबद्दलच थोडं बोलते.

विज्ञानाच्या तासाला आपण पदार्थाच्या तीन अवस्था पाठ केल्या: स्थायू, द्रव, वायू. प्लाझ्मा ही चौथी. टॉर्चच्या बारीक तोंडातून दाबाची हवा सोडायची आणि तिच्यातून विजेचा आर्क न्यायचा. तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. लोखंड १,५०० अंशांच्या आसपासच वितळतं, आणि वितळलेलं लोखंड तोच झोत खाली उडवून देतो. पत्र्यातून वीज वाहावी लागते, म्हणून लाकूड यावर कापता येत नाही.

नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि टॉर्चची वाट यंत्राला जी-कोडमध्ये सांगायची, इतपत माझ्या नोकरीतलंच काम. पुढचं हात शिकतात. काप साधारण दीड मिलिमीटर रुंद पडतो, म्हणून टॉर्च रेघेच्या निम्मा काप बाहेरून न्यायचा. पहिलं भोक टाकाऊ भागात पाडायचं, कारण तिथली कड ओबडधोबड होते. खाली चिकटलेला मळ ग्राइंडरने काढायचा, मग प्रायमर, मग रंग. जस्त चढवलेला पत्रा मी घेत नाही, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि गडद चष्म्याशिवाय आर्ककडे बघायचं नाही.

या कामात आपली लिपी मला नव्याने कळली. इंग्रजी अक्षरं कापली की सुटी होतात, खाली पट्टी जोडावी लागते. देवनागरीत शिरोरेखा बहुतेक अक्षरांना धरून ठेवते, शब्द बहुधा एका तुकड्यात निघतो. 'आनंद'मधल्या अनुस्वाराला मात्र खाली बारीक दांडी द्यायची, नाहीतर तो गळून पडतो.

माझी पहिली पाटी घरचीच. दारावर आधी आजोबांचं नाव होतं, मग बाबांचं. बाबा गेल्यावरही चार वर्षं तेच होतं. ते काढायचं नव्हतंच. मी बाबांचं आणि आईचं नाव एकाच शिरोरेखेखाली कापलं. आई म्हणाली, "माझं नाव कशाला एवढ्या लोखंडात?" संध्याकाळी मात्र शेजारच्या काकूंना बोलावून तिनेच पाटी दाखवली.

तेव्हापासून पाटी सांगायला येणाऱ्याला मी विचारते, "घरात कोण कोण राहतं?" काही जण हसून विषय बदलतात. काही जण दोन दिवसांनी फोन करून आणखी एक नाव सांगतात. या स्मरणिकेच्या यादीत आपल्या कितीतरी जणींची आडनावं बदललेली दिसतील. नाव तेवढं हजेरीपटातलं आहे. ते कुठल्यातरी दारावर असावं, एवढंच मला वाटतं.

बाई, सर, एक विनंती. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलींना हे काम बघायचं असेल, तर पालकांसह एखाद्या रविवारी पाठवा. वर्कशॉपच्या मालकांना मी विचारून ठेवलंय. चष्मे मी आणते.